परसबागेचे चित्रण : अंकुर, काळ आणि आपले शब्द



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा कवितेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. विषय मात्र मी थोडा निराळा निवडला आहे. घरामागची परसबाग आणि खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने तिचे करावयाचे चित्रण, हा तो विषय. विषय घरगुती वाटेल. परंतु भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान अशाच एका कुंडीपाशी लिहिले गेले, आणि आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील मराठीचा एक मोठा साठा आजही परसातच शिल्लक आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध उलगडून दाखवावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

१. फाळक्यांची कुंडी

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग अशा अनेक कलांत त्यांचा हात फिरलेला होता. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला आणि आपल्या देवदेवतांची चित्रे अशीच पडद्यावर हलती करावीत, या कल्पनेने त्यांना झपाटले. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथील चित्रपटनिर्मितीची पद्धत त्यांनी जवळून पाहिली आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेऊन ते परतले.

कॅमेरा आला, पण भांडवल नव्हते. या माणसाला चलच्चित्र खरोखर करता येते का, अशी शंका पैसे देणाऱ्यांना वाटणे साहजिक होते. त्यांची खात्री पटवण्यासाठी फाळक्यांनी राजवाडा उभारला नाही की नटांना मुखवटे चढवले नाहीत. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. दाणा फुटतो, अंकुर वर येतो, त्याचा वेल होतो, हे सारे मिनिटभरात दाखवणाऱ्या त्या छोट्या चित्रपटाला त्यांनी ‘अंकुराची वाढ’ असे नाव दिले. निवडक मंडळींना तो दाखवला गेला. पाहणाऱ्यांचा विश्वास बसला, कर्ज मिळाले, आणि पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

येथे एका व्यक्तीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडणे, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणे ही कामे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी शिकून घेतली आणि घरसंसार सांभाळून निभावली. ज्या प्रयोगातून आपला चित्रपट उगवला तो एका घरातला प्रयोग होता, आणि त्यात घरातल्या बाईचे हात होते. परसबागेविषयी बोलताना ही गोष्ट आपल्या ध्यानी असावी.

२. एका आकड्याचा हिशेब

फाळक्यांनी ‘रोज एक चित्र’ घेतले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. हे विधान आपण त्रैराशिकाने तपासून पाहू. शाळेच्या व्यासपीठावर ते शोभूनही दिसेल.

मूकपटाच्या काळात पडद्यावर दर सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवीत. फिल्मच्या एका फुटात चित्रेही १६ च असत. तेव्हा एका मिनिटाच्या चित्रपटाला ९६० चित्रे, म्हणजे ६० फूट फिल्म लागणार. रोज एकच चित्र घेतले तर ३० दिवसांत ३० चित्रे होतील आणि ती दोन सेकंदांत संपतील. चित्रपट मिनिटभराचा असेल आणि महिनाभरात घेतलेला असेल, तर रोज सरासरी ३२ चित्रे घ्यावी लागतात. दिवसाच्या उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. याचा अर्थ असा की, फाळक्यांच्या त्या महिन्यात कुंडीपाशी दिवसातून एकदा हजेरी लावून भागणारे नव्हते. ‘रोज एक चित्र’ ही कथा सुटसुटीत आहे. पण हिशेब मांडला की तिच्यामागचे कष्ट दिसू लागतात.

या कल्पनेवर जगात इतरत्रही काम चालू होते. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ ते १९०० या काळात झाडांच्या हालचालींची अशी चित्रे घेतली. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी फुले उमलतानाचा चित्रपट १९१० मध्ये तयार केला. त्याच सुमारास आपल्याकडे आचार्य जगदीशचंद्र बोस रोपांची वाढ मोजण्याच्या उद्योगात होते. त्यांच्या क्रेस्कोग्राफ या यंत्राने रोपाची सूक्ष्म वाढ हजारोपट मोठी होऊन दिसे. बोसांनी अंतर मोठे केले, फाळक्यांनी काळ लहान केला. रोप वाढताना आपल्याला दिसत नाही याला कारण आपल्या डोळ्यांचा दोष नव्हे. रोपाची चाल आणि आपली चाल यांचा मेळ बसत नाही. या दोन्ही उपायांनी तो मेळ बसवला.

३. छोटा कॅमेरा काय करतो

आता आजच्या साधनाकडे येऊ. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली तयार केला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते, त्याचे चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचे असे आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आज मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्यातील चित्रात एक-दोन कोटी बिंदू असतात. भिंगामागे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी एक चिमुकली पट्टी असते. प्रत्येक बिंदूवर किती उजेड पडला हे ती मोजते आणि तो आकडा कार्डावर लिहून ठेवते. धुणे, वाळवणे, अंधारी खोली यांतले काही उरलेले नाही.

अलीकडे हेच काम पुष्कळांच्या हातातील मोबाइलही करतो. मी छोट्या कॅमेऱ्याचा आग्रह धरतो तो एका कारणासाठी. मोबाइल दिवसभर मालकाबरोबर हिंडतो. कॅमेरा मात्र दीड महिना एका जागी बसवून ठेवता येतो. परसबागेच्या चित्रणाचा पहिला नियमच मुळी हा आहे की, जागा बदलायची नाही. तिपाई असल्यास उत्तम. नसल्यास ओट्याच्या कडेला एक सपाट दगड पक्का बसवावा आणि कॅमेरा ठेवण्याची जागा खडूने आखून घ्यावी. पावसाळ्यात वर पत्र्याचा आडोसा हवा. विटेवर किंवा झाडाच्या फांदीवर कॅमेरा टेकवला तर दोन चित्रांच्या मध्ये तो किंचित सरकतो, आणि मग पडद्यावर वेल वाढण्याऐवजी सारे अंगणच थरथरू लागते.

दुसरा नियम उजेडाचा. आपल्याकडे श्रावणात घटकेत ऊन, घटकेत झाकोळ. कॅमेरा आपल्या मर्जीने प्रत्येक चित्राचा उजेड आणि रंग ठरवतो. त्यामुळे एक चित्र फिके, दुसरे काळपट होऊन सबंध चित्रपट लुकलुकतो. म्हणून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून कायम करण्याची सोय असेल, तर ती वापरावी. तिसरा नियम अंतराचा. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांवर फुलाचे चिन्ह असलेली एक कळ किंवा खूण असते. ती दाबली की अगदी जवळची वस्तू, म्हणजे बोटभर अंतरावरची कळीसुद्धा, स्पष्ट दिसते.

४. परसाचे घड्याळ

चित्रे किती अंतराने घ्यायची, हा या कलेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. त्याचे उत्तर यंत्राच्या पुस्तिकेत सापडत नाही. ते झाडाला विचारावे लागते.

दोडक्याच्या वेलाचे उदाहरण घेऊ. पहिला पाऊस झाल्यावर बी टोचले की साधारण दीड महिन्यात वेल मांडवावर चढून फुलावर येतो. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाला २४ चित्रे होतात. ४५ दिवसांत १०८०. सेकंदाला २४ चित्रे या वेगाने ती दाखवली तर ४५ सेकंदांचा चित्रपट होतो. एक दिवस, एक सेकंद. या चित्रात वेलाचा शेंडा हवेत गोल गोल फिरताना, आधार चाचपडताना दिसतो. चार्ल्स डार्विनने १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या गोल फिरण्याचे सविस्तर वर्णन आहे. त्याने ते काचेवर ठिपके काढून नोंदवले. आपल्याला ते घरबसल्या डोळ्यांनी पाहता येते.

पण त्याच दोडक्याचे फूल उमलताना टिपायचे असेल, तर अर्ध्या तासाचे अंतर निरुपयोगी. ते फूल सायंकाळी उमलते. दुधी भोपळ्याचे पांढरे फूलही दिवस कलल्यावरच उघडते. कोहळ्याचे मोठे पिवळे फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटते. गुलबक्षी तर संध्याकाळ झाल्याची वर्दी देते. फुलासाठी दर दहा सेकंदांना एक चित्र घ्यावे. तासाभरात ३६० चित्रे होतात आणि पंधरा सेकंदांत फूल उमलते.

संत्र्याचे मान आणखी वेगळे. हा प्रदेश संत्र्यांचा आहे, म्हणून हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. आंबिया बहाराची फुले थंडी सरता सरता येतात, मृग बहाराची पावसाच्या तोंडाशी. बहार धरण्याआधी झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडले की पाने मलूल होतात, गळतात, आणि मग पाणी दिल्यावर झाड फुलांनी भरून जाते. फुलापासून पिवळ्या फळापर्यंत आठ-नऊ महिने जातात. अंगणातल्या संत्र्याचे चित्र आठवड्यातून एकदा, त्याच जागेवरून, त्याच वेळी घेतले तरी पुरे. चित्रे चाळीसच होतील. पण ताण, बहार आणि फळ ही तिन्ही पर्वे त्यांत येतील. जो शेतकरी नाही, शहरात नोकरी करतो, त्याच्या मुलाला ताण म्हणजे काय हे समजावयाला याहून चांगले साधन मला दिसत नाही.

५. कॅमेऱ्याला कान आहेत

येथवर जे सांगितले ते कोणत्याही गावच्या परसाला लागू पडेल. आता आपल्या परसाकडे वळतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कचेरी, न्यायालय, बस, बँक यांची भाषा हिंदी झाली. यात तक्रारीचा सूर नाही. हिंदीने आपल्याला पुष्कळ दिले आहे. परंतु भाषा जेथे वापरली जाते तेथेच ती जगते, आणि आपल्याकडे मराठीच्या वापराची जागा हळूहळू घराच्या आत, स्वयंपाकघरात आणि परसात सरकली, हे आपण सारे जाणतो.

परसातली ही मराठी पुण्यामुंबईची नव्हे. पुस्तकात पेरू असतो. आपल्या परसात जांब असतो. पुस्तकात कोथिंबीर, आपल्याकडे सांबार. पुस्तकातला अळू आपल्याकडे धोपा होतो, टोमॅटो भेदरे होतो आणि लाल भोपळा कोहळे होतो. शाळेतल्या मुलाला एका बाजूने पुस्तकातले मराठी नाव भेटते, दुसऱ्या बाजूने बाजारातले हिंदी नाव भेटते. अमरूद आणि पेरू या दोहोंच्या मध्ये जांब उभा असतो, त्याला ना पाठ्यपुस्तकाचा आधार ना दुकानाच्या पाटीचा. त्याचा एकच पत्ता, आजीचे परस. परस बुजवून त्यावर सिमेंटचा कोबा केला की झाड जाते; झाडाबरोबर त्याचे नाव रोज उच्चारण्याचे कारणही जाते.

मी आयुष्यभर शब्द शिकवले. कोशात शब्दाचा अर्थ मिळतो. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. आजही तो आपण उघडतो. पण शब्दाचा हेल, तो उच्चारताना हात कोणत्या पानाकडे वळतो, ते पान खुडायचे कसे, हे कोशात मावत नाही. फाळक्यांचा कॅमेरा मुका होता. आपल्या हातातल्या कॅमेऱ्याला कान आहेत, आणि परसबागेच्या चित्रणात माझ्या मते हीच सर्वांत मोलाची सोय आहे.

म्हणून अंकुराच्या वाढीबरोबर दुसऱ्या प्रकारचे चित्रणही करावे. घरातील वडीलधाऱ्या बाईला परसात घेऊन जावे. तिची परवानगी विचारावी, सकाळची वारा पडलेली वेळ निवडावी. वारा असला की ध्वनिग्रहणात घोंघावण्यापलीकडे काही ऐकू येत नाही. कॅमेरा तिच्यापासून दोन-तीन हातांवर धरावा. “हे काय आहे, आजी?” एवढाच प्रश्न विचारावा आणि मग गप्प बसावे. ती नाव सांगेल. बी कोठून आणले, कोणत्या नक्षत्रावर टोचले, कोणाच्या बाळंतपणात कोणती भाजी करून घातली, हेही सांगेल. तिचे बोलणे सुधारू नये. ‘सांबार’ म्हटले तर ‘म्हणजे कोथिंबीर ना?’ असे मध्येच म्हणू नये. मी असे चित्रण थोडेफार करून पाहिले आहे. एकेका लहानशा परसात वीस-पंचवीस झाडे सहज निघतात आणि प्रत्येकाशी एक हकीकत बांधलेली असते. झाडाजवळ उभी असलेली बाई जे सांगते, ते खुर्चीवर बसवून विचारले तर तिला आठवत नाही. हात पानाला लागला की शब्द ओठावर येतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, जाम नदीच्या काठी बाहेरगावचे कितीतरी कॅमेरे येतात. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, दगडांचा वर्षाव होतो, माणसे जखमी होतात, आणि तेवढेच चित्र देशभर जाते. वर्षातून एक दिवस आपण जगाला दिसतो ते असे. त्याच दिवसांत आपल्या घरोघरच्या मांडवांवर दोडक्याला फुले येत असतात. ती टिपायला बाहेरचा कोणी येणार नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षाही नाही. ते काम घरच्यांचे आहे.

६. टिकवण्याचा प्रश्न

घेतलेले चित्र टिकत नाही, ही या विद्येतील जुनी व्यथा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. तो आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई आणि पडून राहिली तर कुजून जाई. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ५१ वर्षांनी. तोवर मूकपटांच्या काळातले पुष्कळ काही हरपले होते.

डिजिटल चित्र कुजत नाही, पण ते एका क्षणात पुसले जाते. कार्ड बिघडते, मोबाइल हरवतो, संगणकाची तबकडी बंद पडते. म्हणून प्रत्येक चित्रणाच्या निदान दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. त्याहून महत्त्वाचे असे की, चित्रणाच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर स्पष्ट आवाजात तारीख, गाव आणि बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव सांगावे. नाव-गाव नसलेले चित्रण पन्नास वर्षांनी कोणालाच ओळखता येत नाही. जुन्या लग्नाच्या छायाचित्रांतील माणसांविषयी आपण आज ‘हे कोण?’ म्हणून विचारतो, त्यातलाच हा प्रकार. झाडांच्या नावांची एक यादी वहीत लिहून प्रतीसोबत ठेवावी. तीत आपले नाव, पुस्तकातले मराठी नाव आणि हिंदी नाव असे तीन स्तंभ असावेत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला अशी वही सोन्याच्या मोलाची वाटेल.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण नागपूर, भोपाळ, पुणे येथे, काहीजण त्याहून दूर स्थायिक आहेत. दिवाळीत घरी आलात की दहा मिनिटांचे एक चित्रण आपल्या परसाचे करा आणि त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्या. शाळेलाही विनंती आहे की, त्यासाठी एक कपाट आणि एक नोंदवही राखून ठेवावी. विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाच्या तासाला एक कुंडी, मूठभर वाटाणे आणि एक छोटा कॅमेरा एवढे साहित्य पुरेसे आहे. पेरणी झाल्यावर पाळ्या लावून दर अर्ध्या तासाला मुलांनी एकेक चित्र घ्यावे. महिन्याच्या शेवटी जो चित्रपट तयार होईल, तो मराठीच्या तासाला दाखवावा आणि प्रत्येकाने त्यावर आपल्या घरच्या बोलीत दहा ओळी लिहाव्यात. वाटाणे पेरायला थंडीचे दिवस चांगले. तेव्हा कार्तिकात आरंभ केला तर वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आत हे काम सहज पुरे होईल.